विषाची वार्ता आणि टपाल : बडोदे प्रकरण (१८७४–७५) व मराठी लोकमत

टपालातून विष धाडण्याचे प्रकार आमच्या देशास अगदीच अपरिचित नाहीत. आग्र्याच्या वैद्यकखात्यातील लेफ्टनंट क्लार्क याने १९११ साली मेरठेस राहणाऱ्या फुलम नामक बाईस, तिच्या नवऱ्याच्या अन्नात मिसळण्याकरिता, सोमलाच्या पुड्या टपालानेच पाठविल्या होत्या. पुढे पत्रांचा गठ्ठा सापडून सर्व प्रकरण उघडकीस आले आणि १९१३ साली क्लार्क फाशी गेला. अलीकडे, म्हणजे २००१ च्या सप्टेंबर–ऑक्टोबरात, अमेरिकेत काळपुळीच्या रोगाचे जंतू भुकटीच्या रूपाने पाकिटांत घालून पाठविण्यात आले. त्यात पाच माणसे दगावली व सतरा आजारी पडली. परंतु पाकिटांवर हात ठेवावयास लोक कचरू लागले ते केवळ त्या एका देशात नव्हे. विषाने ज्यांस बाधा झाली त्यांची गणती बोटांवर करता येते; विषाच्या वार्तेने ज्यांची मने ढवळली त्यांची गणती कोणी केलेली नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही जे प्रकरण घेतले आहे त्यात विष टपालाने आले नव्हते. ते सरबताच्या पेल्यात होते, किंवा होते असे म्हणतात. टपालाने व तारेने आली ती त्याची वार्ता. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांस मल्हारराव गायकवाड महाराजांनी विष घालविले, असा आरोप ज्या प्रकरणात झाला ते हे प्रकरण होय. या विषयावर सरकारी छापील कागद विपुल आहेत, साक्षीपुराव्याचा संपूर्ण वृत्तांतही त्याच साली मुंबईस पुस्तकरूपाने निघाला. तरीही लोकांनी या वार्तेचे काय केले, वर्तमानपत्रे तिच्याविषयी काय म्हणाली, आणि ती म्हणणी आज कोणत्या स्वरूपात आपल्या हाती आहेत, इकडे जितके लक्ष जावयास पाहिजे होते तितके गेलेले नाही, असे आम्हांस वाटते.

हा विषय आंबेगाव–जुन्नर भागाच्या दप्तरांशी कसा जोडला जातो हे प्रथम सांगितले पाहिजे, नाहीतर बडोद्याच्या राजवाड्यातील गोष्टीशी शिनोलीसारख्या गावाचा काय संबंध, असे वाचक विचारील. पुण्याहून नाशकास जाणारा रस्ता खेड, मंचर, नारायणगाव यांवरून जातो. मंचरास पश्चिमेकडे वळले म्हणजे घोडेगाव लागते, त्याच्या पलीकडे घोड नदीच्या खोऱ्यात शिनोली, आणि पुढे भीमाशंकराचा डोंगर. ज्या काळाविषयी आम्ही लिहीत आहोत त्या काळी आंबेगाव हा स्वतंत्र तालुका नसून खेड तालुक्याचा पेटा होता व त्याची कचेरी घोडेगावास असे. आता गायकवाड घराण्याकडे पाहावे. दमाजी व पिलाजी यांचे हे घराणे गुजराथेत गेले ते दावडीहून, आणि दावडी हे खेड तालुक्यातलेच गाव. म्हणजे शिनोलीच्या कुळकर्ण्याच्या दृष्टीने बडोद्याचे महाराज हे कोणी दूरदेशीचे संस्थानिक नव्हते. ते एका तालुक्यातील, चार मुक्कामांच्या आतल्या एका गावच्या पाटलाचे वंशज होते. बडोद्याची बातमी या खोऱ्यात निराळ्या कानाने ऐकली गेली असली पाहिजे, हे अनुमान आम्हांस फारसे धाडसाचे वाटत नाही.

बडोद्यात विषाची बोलवा ही नवी गोष्ट नव्हती, हेही ध्यानात ठेवणे अवश्य आहे. मल्हारराव हे खंडेराव महाराजांचे धाकटे बंधू. भावाच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून ते १८६३ पासून पादरे येथे अटकेत होते. २८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव वारले तेव्हा त्यांच्या राणी जमनाबाई गरोदर होत्या. पुढल्या साली त्यांस कन्या झाली व मल्हाररावांची गादी निर्वेध झाली. मधल्या महिन्यांत बाईसाहेबांस आपल्या जीविताची भीती वाटून त्या रेसिडेंटाच्या आश्रयास राहिल्या होत्या. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे १८७२ साली तुरुंगात मेले, तेव्हाही विषाचेच नाव निघाले. तात्पर्य, मल्हाररावांचा कारभार असा होता की त्यांच्याविषयी कोणतीही वाईट गोष्ट कानी आली तर ती खोटी असेल असे कोणी सहसा म्हणत नसे. प्रजेच्या तक्रारींची चौकशी करण्यास कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली १८७३ साली एक कमिशन बसले. त्याच्या अहवालावरून गव्हर्नर जनरल लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी जुलै १८७४ मध्ये महाराजांस बजावले की ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत कारभार सुधारला पाहिजे. दादाभाई नवरोजी दिवाण झाले ते याच सुमारास. फेअर साहेबांचे व दादाभाईंचे कधीच जमले नाही. फेअर हे पूर्वी सिंधच्या सरहद्दीवर असता वरिष्ठांशी बेबनाव होऊन तेथून निघालेले गृहस्थ होते. त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्यास जागा नाही, परंतु ज्यास आपणच खरे व इतर सर्व लबाड असे वाटते अशा स्वभावाचा माणूस दरबारी वकिलीस कितपत योग्य, हे वाचकांनीच ठरवावे.

२ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी नॉर्थब्रुक यांस खलिता लिहून फेअर यांची बदली मागितली. ९ नोव्हेंबर रोजी विषाची घटना घडली. या दोन तारखांमध्ये अवघा एक आठवडा आहे, आणि पुढे सर्व वादविवाद या आठवड्याभोवती फिरला. ज्याने बदलीचा अर्ज केला व तो मान्य होण्याची आशा आहे, तो त्याच आठवड्यात विष कशास घालील, असे बचावाचे म्हणणे. आणि खलित्याने काम होईलसे न वाटल्यामुळेच विषाचा मार्ग धरला, असे आरोपाचे.

दिवस दिवाळीचे, वार सोमवार. फेअर साहेब सकाळचे फिरून आले व नेहमीप्रमाणे टेबलावर ठेवलेले पपनसाचे सरबत त्यांनी दोनतीन घोट घेतले. थोड्या वेळाने मळमळू लागले, तोंडास तांब्यासारखी रुची आली, म्हणून उरलेले सरबत त्यांनी खिडकीतून व्हरांड्यात ओतले. पेला खाली ठेवताना तळाशी काळसर गाळ दिसला. तो रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तपासला, त्यात सोमल आढळला, व उरलेला गाळ मुंबईस सरकारी रसायनपरीक्षक डॉक्टर ग्रे यांजकडे पाठविण्यात आला. ग्रे यांसही सोमल आढळला आणि त्याशिवाय चकचकीत, कठीण असे कण आढळले. ते हिऱ्याची पूड असावी असे त्यांचे मत पडले. त्याच सोमवारी मल्हारराव आपल्या नेहमीच्या भेटीच्या दिवशी रेसिडेन्सीत येऊन गेले होते.

हिरकणी खाऊन जीव देण्याच्या गोष्टी आमच्या बखरींत व घरोघरच्या आख्यायिकांत पुष्कळ आहेत. हिऱ्याच्या पुडीने आतडी कापली जातात ही समजूत आजच्या वैद्यकास मान्य नाही. बारीक पूड बहुधा काहीच अपाय न करता निघून जाते. पण मुद्दा तो नाही. ज्याने कोणी ती पूड त्या पेल्यात घातली, अगर घातली असे रचले, त्याच्या मनात ही जुनी समजूत होती, एवढे मात्र दिसते. शिवाय एक चमत्कारिक गोष्ट अशी की सोमल, हिऱ्याची पूड व तांबे या तीन जिनसा विषात होत्या, अशी गुप्त खबर फेअर साहेबांस रसायनपरीक्षा पुरी होण्याच्या सुमारासच मिळाली होती. परीक्षेत तांबे काही निघाले नाही. खबर देणाऱ्यास पुडीतील दोन जिनसा बरोबर कशा ठाऊक झाल्या, आणि तिसरी चुकली कशी, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला व आमच्या मते तो अद्याप तेथेच उभा आहे.

फेअर साहेबांनी त्याच दिवशी मुंबई सरकारास तार केली. आपणास विष घालण्याचा धाडसी प्रयत्न आज झाला, तो ईश्वरकृपेने फसला, अधिक मजकूर पुढील टपालाने, अशा अर्थाची ती चारदोन ओळींची तार होती. हे शेवटचे शब्द आम्हांस फार बोलके वाटतात. तार म्हणजे निष्कर्ष. पुरावा टपालाने मागून येणार. १८७० मध्ये मुंबई समुद्रातील तारेने विलायतेशी जोडली गेली होती, तेव्हा निष्कर्ष लंडनपर्यंत जाण्यास फार वेळ लागत नव्हता. पत्रे व वर्तमानपत्रे मात्र आपल्या गतीने जात. १८५४ च्या टपाल कायद्यापासून अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचे पत्र हिंदुस्थानात कोठेही जाऊ लागले होते. पुण्यास आलेला अंक मंचरच्या वाटेने एखाद्या शिनोलीकडील घरी पोहोचे, तेथे एकजण वाचून दाखवी व दहाजण ऐकत. अशा ठिकाणी बातमी व तिच्यावरील शंका ही दोन्ही एकदमच येऊन पोहोचत, आणि याचा परिणाम लोकमतावर झाल्यावाचून राहिला नाही.

प्रारंभी देशी वर्तमानपत्रे मल्हाररावांस अनुकूल नव्हती. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण पुढील सहानुभूतीच्या भरात ते विसरले गेले आहे. पुण्याचा ज्ञानप्रकाश, मुंबईचा इंदुप्रकाश, विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे नेटिव्ह ओपिनियन, दादाभाईंनीच १८५१ साली काढलेले रास्त गोफ्तार, ही पत्रे चांगल्या राज्यकारभाराची भोक्ती होती; जुलुमी राजाची पाठ थोपटणे हा त्यांचा धर्म नव्हता. १८७४ सालच्या आरंभीच विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला निघाली होती व सुशिक्षितांत स्वाभिमानाचे एक नवे वारे वाहू लागले होते, तरी त्याचा रोख मल्हाररावांसारख्यांचे समर्थन करण्याकडे खास नव्हता. मत फिरले ते महाराजांच्या अटकेनंतर.

हिंदुस्थान सरकारने फेअर यांस नोव्हेंबर संपण्यापूर्वीच दूर करून त्यांच्या जागी सर लुईस पेली यांस नेमले, यावरून कलकत्त्यासही फेअर यांच्या वर्तनाविषयी समाधान नव्हते हे उघड आहे. तपास मुंबईचे पोलिस कमिशनर फ्रँक सूटर यांजकडे आला. त्यांच्या हाताखाली अकबर अली, अब्दुल अली व गजानन विठ्ठल हे नाणावलेले अंमलदार होते. रेसिडेन्सीतील आया अमिना, हवालदार रावजी व जमादार नरसू यांच्या जबान्या झाल्या. रावजीच्या कंबरपट्ट्यात सोमलाची पुडी अकबर अलीस सापडली. नरसूने विहिरीत उडी टाकून जीव देण्याचा यत्न केला. घटनेस दीड महिना होऊन गेल्यावर, ज्या पट्ट्याची झडती कोणी घेतली नव्हती त्यात विषाची पुडी निघावी, ही गोष्ट त्या काळीही पुष्कळांच्या गळी उतरली नाही. १३ जानेवारी १८७५ च्या जाहीरनाम्यान्वये दुसऱ्या दिवशी मल्हाररावांस कैद झाली व संस्थानचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला.

येथपासून वर्तमानपत्रांचा सूर बदलला. विषप्रयोग झाला की नाही हा प्रश्न मागे पडून, चौकशीपूर्वीच एका राजास गादीवरून खेचून कैदेत टाकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुढे आला. नोकरचाकरांच्या, आणि तेही पोलिसांच्या पहाऱ्यात असलेल्या नोकरचाकरांच्या, जबानीवर छत्रचामरांच्या धन्याचा न्याय होणार काय, असे पुण्यामुंबईस विचारू लागले. १८७० साली स्थापन झालेली सार्वजनिक सभा पुण्यात होतीच, न्यायमूर्ती रानडे १८७१ पासून तेथे होते. सार्वजनिक प्रश्नावर एकत्र जमून बोलण्याची सवय त्या शहरास लागली होती, आणि या प्रकरणाने ती दृढ केली. जो राजा आपल्या प्रजेस नकोसा झाला होता तो अटकेच्या एका रात्रीत मराठी वाचकांचा झाला. यात न्यायबुद्धी किती व जात्यभिमान किती, याची फोड करणे आम्हांस तरी साधत नाही. दोन्ही होते, एवढे खरे.

कमिशन २३ फेब्रुवारी १८७५ रोजी बडोद्यास बसले. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड कौच अध्यक्ष. सर रिचर्ड मीड व मेलव्हिल हे दोन इंग्रज सभासद. आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह व ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी. आरोपाची बाजू मुंबईचे ॲडव्होकेट जनरल स्कोबल यांनी मांडली. बचावास विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित बॅरिस्टर आणला होता. त्याच्या मदतीस मुंबईचे वकील शांताराम नारायण वगैरे मंडळी होती. चौकशी उघड चालली, बातमीदार बसत, आणि प्रश्नोत्तरे शब्दशः छापून येत. आपल्या देशातील किती लोकांनी उलटतपासणी म्हणजे काय हे या वृत्तांतांवरून प्रथम शिकले असेल, असे आमच्या मनात नेहमी येते.

या चौकशीतील एक भाग दप्तरे हाताळणाऱ्यांस विशेष आवडेल, म्हणून त्याजवर थोडे थांबतो. महाराजांचे खासगी कारभारी दामोदर त्रिंबक, ज्यांस कागदांत दामोदरपंत म्हटले आहे, यांनी लष्करी पहाऱ्यात काही दिवस काढल्यावर माफीच्या वचनावर जबानी दिली की सोमल व हिरे महाराजांच्या हुकमावरून आपण मिळविले. हिऱ्यांची किंमत हिशेबी लिहिताना ती दुसऱ्याच खर्चाच्या नावाने टाकली, असे त्यांनी सांगितले, आणि वह्यांतील काही नोंदींवर शाई ओतलेली दाखविण्यात आली. ती शाई कोणी व केव्हा ओतली? दामोदरपंत म्हणाले, गोष्ट लपविण्याकरिता आपणच. पण ज्या कारकुनास नोंद खोट्या नावाने लिहिता येते त्याने ती खोटी नोंद पुन्हा शाईने का बुडवावी, हे आम्हांस कळत नाही. दोन कुलुपे एका पेटीस लावण्यासारखे ते आहे, आणि त्यातले एक बाहेरून सर्वांस दिसेल असे. दुसरे, ज्याकडून हिरे घेतले म्हणत तो जवाहिऱ्या हेमचंद फत्तेचंद कमिशनपुढे येऊन पोलिसांपुढील आपली जबानी साफ नाकारून बसला. ज्या बोहऱ्याकडून सोमल घेतल्याचे सांगितले गेले त्याची साक्षच झाली नाही. पुराव्याची साखळी जेथे कागदावर येऊन भक्कम व्हावयाची, नेमकी तेथेच ती तुटली.

जुन्या वह्या पाहणाऱ्या मंडळींस सांगावयास नको की शाईचा डाग हा स्वतः पुरावा नसतो. डागाखालचा मजकूर, डागाचा काळ, वहीची बांधणी, पुढच्या पानास उमटलेला ठसा, हे सर्व जमवून मग त्याविषयी बोलता येते. कमिशनपुढे हे काम मुख्यतः तोंडी साक्षीवरच उरकले. हा दोष त्या काळाचा म्हणावा, व्यक्तीचा नव्हे.

बॅलंटाइन याने फेअर यांची उलटतपासणी घेतली तेव्हा साहेबांचा पूर्वेतिहास, त्यांची चिडखोर वृत्ती, भाऊ पुणेकरासारख्या खबऱ्यांवरील त्यांचा विश्वास, ही सर्व चव्हाट्यावर आली. मार्च अखेर अहवाल झाले. तिघे इंग्रज सभासद म्हणाले, आरोप शाबीत आहे. शिंदे व दिनकरराव म्हणाले, शाबीत झालेला नाही. जयपूरकरांनी तर महाराज निर्दोष असल्याचेच मत दिले. पुरावा एक, ऐकणारे सहा, आणि निकाल बरोबर कातडीच्या रंगावर दुभंगला. एवढा एक आकडा, तीन विरुद्ध तीन, खेडोपाडी कोणासही समजण्यासारखा होता. अमिनेच्या जबानीतील बारकावे शिनोलीत कोणी लक्षात ठेवले नसतील; पण आपल्या बाजूचे तिघे काय म्हणाले हे चावडीवर सांगावयास कायदा शिकावा लागत नव्हता.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. रेसिडेंटास विष घातल्याबद्दल मल्हाररावांस पदच्युत केले, असे पुष्कळ मराठी पुस्तकांत सरसहा लिहिलेले आढळते. तसे नाही. कमिशनात फूट पडल्यावर त्या आधारावर शिक्षा करण्यास विलायत सरकार, म्हणजे हिंदुस्थानचे मंत्री लॉर्ड सॅलिसबरी, तयार झाले नाहीत. नॉर्थब्रुक यांचा कल निराळा होता. शेवटी १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात कमिशनच्या चौकशीवर हा निर्णय आधारलेला नाही असे म्हणून, महाराजांची कुप्रसिद्ध वर्तणूक, संस्थानचा घोर अव्यवस्थित कारभार व सुधारणा करण्याची उघड असमर्थता, ही कारणे देण्यात आली. ज्या आरोपासाठी कैद केले तो सिद्ध झाला नाही, आणि ज्या कारणासाठी पदच्युत केले त्यासाठी दिलेली मुदत ३१ डिसेंबरपर्यंत अजून शिल्लक होती. लोकांच्या रागाचे मर्म येथे आहे. मल्हारराव राज्य करण्यास नालायक होते हे आम्ही मानतो. त्यांचा हात त्या पेल्यात होता असे मानण्यास मात्र छापील पुराव्यावरून आम्ही तयार नाही.

२२ एप्रिलच्या सुमारास महाराजांस खास आगगाडीने मद्रासेस रवाना केले. २८ तारखेस बडोद्यात दंगा झाला; लक्ष्मीबाईंच्या तान्ह्या मुलास गादीवर बसविण्याचा जमावाचा बेत होता, तो लष्कर आणून मोडण्यात आला. जमनाबाई परत आल्या, आणि २७ मे रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव त्यांच्या मांडीवर दत्तक बसून सयाजीराव झाला. पुढील इतिहास वाचकांस माहीत आहे. मल्हारराव १८८२ साली मद्रासेसच वारले.

लोकमताचा ओघ मात्र आटला नाही. त्याच १८७५ साली नारायण बापूजी कानिटकर यांनी मल्हाररावांवर मराठी नाटक लिहिले; घडलेल्या गोष्टीची शाई वाळते न वाळते तोच ती रंगभूमीवर यावी, हे आमच्याकडे त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. कलकत्त्याच्या अमृत बझार पत्रिकेने बडोदे प्रकरणावर जे लिहिले त्याकडे खुद्द सॅलिसबरी यांचे लक्ष जाऊन त्यांनी हिंदुस्थान सरकारास त्याबद्दल विचारले. १८७६ साली नाटकांच्या प्रयोगांवर नियंत्रण घालणारा कायदा झाला. त्याचे निकटचे कारण कलकत्त्याचे एक प्रहसन होते, बडोदे नव्हे. १८७८ च्या मार्चमध्ये देशी भाषांतील वर्तमानपत्रांचा कायदा झाला. या दोहोंस केवळ बडोदे प्रकरण कारण झाले असे म्हणणे चूक होईल. पण १८७५ च्या त्या चार महिन्यांत मराठी, गुजराथी, बंगाली व इंग्रजी पत्रे एकाच विषयावर एकाच बाजूने लिहिताना सरकारने प्रथम पाहिली, आणि ते दृश्य सरकार विसरले नाही. वासुदेव बळवंत फडके यांच्या चरित्रांतही गायकवाडांच्या पदच्युतीमुळे त्यांस आलेल्या संतापाचा उल्लेख येतो.

आता आमच्या मुख्य काळजीच्या गोष्टीकडे वळतो. त्या वेळच्या मराठी पत्रांनी काय लिहिले हे जाणण्यास आज बहुधा कोणता आधार घेतला जातो? मुंबई सरकार दर आठवड्यास देशी वर्तमानपत्रांचा गोषवारा इंग्रजीत तयार करवून घेई. हे गोषवारे छापलेले आहेत, सरकारी दप्तरांत जतन झालेले आहेत, आणि अभ्यासकांचा हात प्रथम त्यांच्यावर पडतो. परंतु गोषवारा म्हणजे मूळ नव्हे. सरकारास जे बोचेल ते भाषांतरकाराने उचलावयाचे, बाकीचे सोडावयाचे. संपादकाने उपरोधाने लिहिलेले वाक्य भाषांतरात सरळ विधान होऊन बसते. अभंगातील एखादा चरण, एखादी म्हण, दरबारी मानाचे एखादे विशेषण, ही तर नाहीशीच होतात. महाराजांस पत्राने ‘श्रीमंत’ म्हटले की ‘सेनाखासखेल’ म्हटले की नुसते ‘मल्हारराव’, यावरून त्या पत्राचा कल एका शब्दात कळतो. इंग्रजी गोषवाऱ्यात तिघांसही एकच नाव आहे. म्हणजे ज्या लोकमताच्या जोरावर आम्ही १८७५ सालास महत्त्व देतो, ते लोकमत आमच्यापर्यंत ज्याने पोहोचविले तो त्या लोकमतावर पाळत ठेवण्यास नेमलेला माणूस होता. त्याने काम प्रामाणिकपणे केले असेल. तरी ते त्याचे काम होते, आमचे नव्हे.

मूळ अंकांच्या फायली पुष्कळ ठिकाणी खंडित आहेत. वाळवी, पाऊस व रद्दीवाला यांनी आपापला भाग नेला आहे. खासगी दप्तरांत मात्र हे अंक अनपेक्षित जागी जिवंत सापडतात, कारण वर्तमानपत्राचा कागद जुन्या घरांत कधी वाया जात नसे. रुमालाच्या आत कागदांस वेढा म्हणून, पोथीच्या पाठीस पुठ्ठा म्हणून, चोपडीच्या कव्हरास अस्तर म्हणून तो वापरला जाई. संग्राहक पोथी सोडवितो तेव्हा अस्तर काढून टाकतो, आणि त्या अस्तरावर कदाचित आम्हांस हवा असलेला मजकूर असतो. आमचे कित्येक मित्र मोडी कागदाच्या चिटोऱ्यासाठी दहा कोस चालत जातील; त्यांनीच छापील कागद ‘अर्वाचीन’ म्हणून बाजूस सारावा, याचे आम्हांस वाईट वाटते.

म्हणून खेड, घोडेगाव, शिनोली, मंचर, जुन्नर या पट्ट्यात दप्तरे पाहणाऱ्या मंडळींस आमची विनंती अशी. शके १७९६ व १७९७ या दोन सालांचे रुमाल सोडविताना वेष्टनाचा कागद फेकू नये. त्यावर पत्राचे नाव, तारीख अगर टपालाचा शिक्का दिसत असल्यास त्याची नक्कल घ्यावी. त्याच दोन सालांच्या घरगुती पत्रांत क्षेमकुशलानंतर ‘वर्तमान’ म्हणून जो चारपाच ओळींचा मजकूर असतो तो वाचल्यावाचून सोडू नये, कारण बडोद्याचा उल्लेख असलाच तर तो तेथे असेल, आणि तो सरकारी भाषांतरकाराच्या हातून गेलेला नसेल. दावडीशी सोयरीक असलेल्या घराण्यांचे कागद यात विशेष महत्त्वाचे. अशा नोंदींत महाराजांचा उल्लेख कोणत्या पदवीने केला आहे आणि विषाविषयी ‘घातले’ असे क्रियापद आहे की ‘घातले म्हणतात’, हे जसेच्या तसे उतरून घ्यावे. शुद्धलेखन सुधारू नये. मोडी कागदाचा उतारा बाळबोधीत पाठविताना मूळ ओळी जेथे तुटतात तेथे खूण करावी, व कागदावर डाग असल्यास तो कोठे आहे तेही लिहावे.